झोपेच्या गोळ्या आणि दिवसाचा हिशेब

मागच्या अंकात निद्रानाशाविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांचा गठ्ठा वाचताना लक्षात आले, की बहुतेकांचा प्रश्न झोप न येण्याचा नाहीच. झोप गोळीने येते. अडचण त्यानंतरच्या दिवसाची आहे. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६९ वर्षांच्या असून निवृत्त शिक्षिका आहेत. अकरा वर्षांपूर्वी सासरे गेले, तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलमची अर्धी गोळी लिहून दिली होती. ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या, आणि आता कोपऱ्यावरच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवण्याचीही गरज पडत नाही. पूर्वी त्या रोज सकाळी तळजाईवर फिरायला जात, मंगळवारी त्यांचे भजनी मंडळ असे, नातवाचे गणित त्याच घेत. आता दुपारी बारापर्यंत त्यांच्या डोळ्यांवर झापड असते. गेल्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून विसरल्या, आणि एका रात्री बाथरूमला जाताना पडल्या. मुका मार लागला एवढ्यावर निभावले. माझे यजमान म्हणतात, "आईला झोप लागते ना, मग या वयात आणखी काय हवे?" त्यांना काय उत्तर द्यावे?
— एक सून, सहकारनगर

उत्तर : आपल्या पत्रातच उत्तर आलेले आहे. तळजाई, भजनी मंडळ, नातवाचे गणित : या तीन गोष्टी अकरा वर्षांपूर्वी होत्या आणि आज नाहीत. यजमानांना फक्त रात्र दिसते आहे, कारण आई झोपली की घर निर्धास्त होते. त्यांच्या मनात काही वाईट आहे असे मी म्हणणार नाही. बहुतेक घरांत असेच घडते.

ही गोळी घरात कशी स्थिरावली, हे थोडे मागे जाऊन पाहायला हवे. अल्प्राझोलम हे बेंझोडायझेपिन या गटातील औषध आहे. या गटातील पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले, आणि १९६३ मध्ये डायझेपाम आले. दोन्हींच्या मागे लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाचे काम होते. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट गटातील औषधे दिली जात, आणि ती थोडी जास्त घेतली गेली तरी माणूस दगावत असे. त्या मानाने नवी औषधे इतकी सुरक्षित वाटली, की डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीचा त्यांच्यावर विश्वास बसला. तो विश्वास अगदीच अनाठायी नव्हता. थोड्या दिवसांसाठी, नेमक्या कारणासाठी ही औषधे उत्तम काम करतात, आणि पतिनिधनानंतरच्या पंधरा दिवसांसाठी आपल्या डॉक्टरांनी ती दिली यात काही गैर नव्हते. चूक सोळाव्या दिवशी झाली, आणि ती कोणी एकाने केलेली नाही.

मेंदूला शांत करणारे 'गाबा' नावाचे एक रसायन असते. ही गोळी त्याचा प्रभाव वाढवते. रोज बाहेरून मदत मिळू लागली, की मेंदू स्वतःची व्यवस्था तिच्या हिशेबाने लावून घेतो. मग पूर्वीइतक्या गोळीने पूर्वीइतकी झोप लागत नाही, आणि एखादे दिवशी गोळी चुकली की छातीत धडधड, घाम, हातांना कंप सुरू होतो. सासूबाईंना वाटते, की गोळी नसली तर आपल्याला झोप येत नाही. प्रत्यक्षात त्या रात्रीची अस्वस्थता बऱ्याच अंशी गोळीनेच निर्माण केलेली असते आणि तीच गोळी तिच्यावरचा उतारा ठरते. उतारवयात यकृताचे काम मंदावते, त्यामुळे औषध शरीरात अधिक वेळ रेंगाळते. सकाळची झापड, तोल जाणे, गॅसवरचे दूध विसरणे हे सारे त्यातून येते. वयस्क माणसांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची जी यादी अमेरिकेतील वृद्धवैद्यक संघटना प्रसिद्ध करते, तिच्यात हा गट आहे, आणि पडणे व खुब्याचे हाड मोडणे हे तो त्या यादीत असण्याचे एक मोठे कारण आहे. विसरभोळेपणा पाहून 'आईंना स्मृतिभ्रंश झाला' असा निष्कर्ष मात्र काढू नका. गोळी चालू असताना नवे काही मनात ठसणे कमी होते आणि गोळी उतरत गेली की त्यातले बरेचसे सुधारताना मी पाहिले आहे.

आता एक कळकळीची विनंती. गोळ्या लपवू नका, फेकू नका, दुकानदाराला "देऊ नका" असे परस्पर सांगू नका. इतक्या वर्षांची गोळी एका दिवसात थांबवली तर फिट येऊ शकते. ती मानसोपचारतज्ज्ञांच्या किंवा या विषयाची माहिती असलेल्या फिजिशियनच्या देखरेखीखाली उतरवावी लागते. अमेरिकेतील व्यसनवैद्यक संघटनेने इतर वैद्यकीय संस्थांसह २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांनुसार, सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्क्यांनी कमी करण्याचा विचार करावा आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा अधिक घट करू नये. म्हणजे हे काम काही महिन्यांचे आहे, कदाचित वर्षभराचेही. 'व्यसन' हा शब्द तर त्यांच्यासमोर काढूच नका. ज्यांनी आयुष्यभर मुलांना शिस्त लावली, त्यांना तो शब्द चपराकीसारखा लागेल, आणि डॉक्टरांकडे जाण्याचा रस्ताच बंद होईल.

त्यापेक्षा त्यांना वाचायला द्या. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ६५ वर्षांवरील, दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्या लोकांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लोकांना औषधाचे धोके आणि ते टप्प्याटप्प्याने कसे कमी करावे हे सांगणारी साध्या भाषेतील पुस्तिका दिली गेली. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण थांबली होती. न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. आपल्या सासूबाई शिक्षिका होत्या. समजावून सांगितलेले त्यांना पटेल, लादलेले पटणार नाही.

तोवर बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा लावा, पायपुसणे घसरणारे असेल तर काढून टाका. आणि दुपारी डुलकी काढत असतील तर ती अर्ध्या तासावर आणा. पुण्यात राहून वामकुक्षीवर बोट ठेवणे किती धोक्याचे असते याची मला कल्पना आहे, पण दुपारी दोन तास झोपलेल्या माणसाने रात्री दहाला झोप मागणे हा झोपेवर अन्याय आहे.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी मला 'शामक औषधांचा गैरवापर करणाऱ्यांच्या जगण्याची प्रत' हा विषय मिळाला आहे. जगण्याची प्रत खरोखर मोजता येते का, की हा केवळ कागदी खेळ आहे?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : मोजता येते, पण मोजपट्टी काय विचारते आणि काय विचारत नाही, याचे भान ठेवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची जी प्रश्नावली सर्वाधिक वापरली जाते, तिच्यात पहिले दोन प्रश्न सर्वसाधारण असतात आणि उरलेले चार भागांत विभागलेले असतात : शरीर, मन, माणसामाणसांतील संबंध आणि आजूबाजूची परिस्थिती. परिस्थितीच्या भागात पैसा, घर, सुरक्षितता, प्रवासाची सोय, विरंगुळा हे सारे येते. उत्तरे गेल्या दोन आठवड्यांना धरून द्यायची असतात.

आपल्या विषयासाठी यातील एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. "आपण आपल्या झोपेबाबत किती समाधानी आहात?" हा प्रश्न त्या २६ पैकी फक्त एक आहे. गोळी घेणारा माणूस तिथे चांगले गुण देऊन पुढे जाईल. त्याच भागात "रोजचे जगणे चालवण्यासाठी आपल्याला औषधोपचाराची कितपत गरज भासते?" असाही प्रश्न आहे, आणि तिथे त्याची पेन्सिल अडखळते. मी स्वतः हे अनेकदा पाहिले आहे. पुढे एकाग्रता, उत्साह, मित्रांचा आधार, वैवाहिक संबंध असे प्रश्न येऊ लागले, की रात्रीचा नफा दिवसाच्या खात्यात कुठेच जमा झालेला नाही, हे त्याचे त्यालाच दिसू लागते. मुलाखत घेताना एकूण बेरजेपेक्षा हे अडखळणे टिपून ठेवा.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. इटलीतील वेरोना येथे मोठ्या मात्रेत बेंझोडायझेपिन घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या जगण्याची प्रत सर्वसाधारण लोकांपेक्षा खालावलेली आढळली. आपल्याकडची व्याप्ती हवी असेल तर केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा २०१९ चा अहवाल पाहा. १० ते ७५ वयोगटातील सुमारे १.०८ टक्के, म्हणजे जवळपास १ कोटी १८ लाख भारतीय वैद्यकीय सल्ल्याविना शामक औषधे घेतात, असे त्यात म्हटले आहे, आणि अशा लोकांच्या संख्येत पुढे असलेल्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. गर्द किंवा गांजा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक चेहरा येतो. या आकड्यामागचा चेहरा मात्र आपल्या नात्यातलाच असतो, त्यामुळे तो आपल्याला दिसत नाही.

एक सावधगिरी बाळगा. प्रत खालावली ती गोळीमुळे, की आधीच खालावली होती म्हणून गोळी आली? एकाच भेटीतील प्रश्नावलीने हे ठरत नाही. वैधव्य, कर्ज, मारहाण, रात्रपाळी, जुनी दुखणी यांपैकी काही ना काही पहिल्या गोळीच्या आधी जवळजवळ नेहमीच असते. 'गोळीच्या आधीचे वर्ष कसे होते?' हा प्रश्न प्रश्नावलीत नाही; तो आपण विचारा.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. परदेशी ग्राहकांमुळे रात्री एक-दीडपर्यंत कॉल चालतात. दोन वर्षांपूर्वी झोल्पिडेमची १० मिलिग्रॅमची एक गोळी सुरू झाली. आता तीन लागतात, आणि त्या मी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवतो. कधीकधी सकाळी ओट्यावर पोह्यांचे रिकामे पातेले दिसते आणि ते मीच केले, मीच खाल्ले, यातले काहीही आठवत नाही. साडेआठला बाइकवर निघतो. परवा वाकडला पुढे थांबलेली पीएमपीची बस मला शेवटच्या क्षणी दिसली. काम मात्र उत्तम चालले आहे, गेल्या वर्षी बढती मिळाली. मग मी व्यसनी आहे का? उपचार घेतले तर कंपनीला कळेल का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बहुधा त्यामुळेच आपण आजवर थांबला आहात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराच्या गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिला आहे. डॉक्टर आपल्या संमतीशिवाय कंपनीला काहीही कळवू शकत नाहीत. कायद्यातील अपवाद मोजके आहेत आणि मालकाची उत्सुकता त्यांत येत नाही.

दुसरे, आजपासून बाइक ठेवून द्या. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, अट म्हणून सांगतो. सकाळपर्यंत रक्तात उरणाऱ्या झोल्पिडेममुळे गाडी चालवण्याची क्षमता कमी होते, या कारणासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावली. प्रौढांसाठी एका रात्रीची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम आहे. आपण ३० घेता, तीही रात्री दीडनंतर, आणि सात तासांत रस्त्यावर असता. औषधाच्या अमलाखाली वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो. पोह्यांच्या पातेल्याची गोष्ट सांगताना आपण बहुधा हसला असाल. त्यात पेटता गॅस आहे. झोपेत चालणे, स्वयंपाक करणे, अगदी गाडी चालवणे आणि नंतर काही न आठवणे, यांबद्दल याच प्रशासनाने २०१९ मध्ये या औषधांवर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापणे बंधनकारक केले आहे. वीकेंडला मद्य घेत असाल तर त्या रात्री हा धोका श्वास मंदावण्यापर्यंत जाऊ शकतो.

'व्यसनी' हा शब्द लावायचा की नाही, याला मी फारसे महत्त्व देत नाही. तेवढ्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागणे, औषध मिळवण्यात वेळ आणि युक्ती खर्च होणे, धोका दिसूनही घेत राहणे, थांबवण्याचे प्रयत्न फसणे, आवडीच्या गोष्टी सुटणे : डॉक्टर असे काही निकष पाहतात. पहिले तीन आपण स्वतःच लिहून पाठवले आहेत. उरलेले दोन आपणच तपासा. सिंहगड शेवटचा कधी चढलात? कॉलेजच्या मित्रांना शेवटचे कधी भेटलात? बढतीचा दाखला माझ्यासमोर ठेवू नका. या गोळ्या घेणारा नोकरदार माणूस बाकी सगळे सोडून देतो, पण नोकरीला अखेरपर्यंत जपतो, कारण गोळ्यांचा खर्च आणि 'माझे काही बिघडलेले नाही' हा पुरावा दोन्ही तिथूनच मिळतात. नोकरी डळमळू लागते तेव्हा बाकीचे सारे आधीच गेलेले असते.

तिन्ही ठिकाणच्या चिठ्ठ्या घेऊन एकाच मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि खरा आकडा सांगा. आकडा कमी सांगितला तर गोळ्या कमी करण्याचे वेळापत्रक चुकेल आणि त्रास आपल्यालाच होईल. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. मोठ्या मात्रेवरून झोल्पिडेम अचानक थांबवल्यावर फिट आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. जोडीने निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत सुरू करावी. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच पद्धत वापरावी असे सांगितले आहे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, पलंगावर लॅपटॉप न उघडणे, झोप येत नसेल तर तळमळत न पडता उठून दुसऱ्या खोलीत बसणे, अशा तिच्या पायऱ्या ऐकायला बाळबोध वाटतात. त्या पाळणे मात्र बाळबोध नाही. पहिले दोन-तीन आठवडे आपण मला दूषणे द्याल.

प्रश्न : माझे पेठेत औषधाचे दुकान आहे. जुनी, ओळखीची, वयस्क गिऱ्हाइके चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागतात. नाही म्हटले तर रागावतात आणि पुढच्या दुकानात जातात. काय करावे?
— एक औषधविक्रेता

उत्तर : नियम आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीत अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही सारी आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, डॉक्टर, रुग्ण, औषध आणि मात्रा यांची नोंद वेगळ्या वहीत करायची आणि ती वही तीन वर्षे जपायची. तेव्हा नाही म्हणा. पण नुसते नाही म्हणून दार लावू नका. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याची गोळी एकाएकी तुटली तर तो आजारी पडतो. "आजोबा, आजच डॉक्टरांकडे जाऊन या, त्यांना सांगा किती वर्षे घेताय, नवी चिठ्ठी आणा, मग देतो", एवढे एक वाक्य जोडा. क्वेबेकच्या ज्या प्रयोगाचा वर उल्लेख केला, त्यातील लोकांपर्यंत संशोधक पोचले ते औषधांच्या दुकानांतूनच. गिऱ्हाइकाचा आपल्यावर जितका विश्वास आहे तितका पुष्कळदा आम्हा डॉक्टरांवर नसतो.

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. सात वर्षे मी तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर क्लोनाझेपाम आणि अल्प्राझोलम मिळून दिवसाला आठ-दहा गोळ्या घेत होते. मागच्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले, हळूहळू गोळ्या कमी केल्या, आणि गेल्या सहा महिन्यांत एकही घेतलेली नाही. घरचे म्हणतात, "सुटलीस." मला मात्र तसे वाटत नाही. रात्री जेमतेम चार तास झोप लागते. कुकरच्या शिट्टीने दचकते. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत जीव घाबरा होतो. कपाटाच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला असतात, हे रोज माझी पर्स तपासतात, आणि भिशीच्या बायकांनी मला बोलावणे बंद केले आहे. गोळ्या होत्या तेव्हा निदान घरात भांडणे होत नव्हती. मग मी काय कमावले?
— एक भगिनी, हडपसर

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण ज्या केंद्रात होता तिथे कोणीतरी आपल्याला हे आधी सांगायला हवे होते, की गोळी थांबते त्या दिवशी शरीराचे काम संपत नाही.

आवाजाने दचकणे, गर्दी सहन न होणे, तुटक झोप : ही सारी त्या मज्जासंस्थेची लक्षणे आहेत जी सात वर्षे बाहेरच्या शामकावर विसंबून होती आणि आता स्वतःचा लगाम स्वतः हातात घेणे शिकते आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ या गोळ्या सोडणाऱ्यांसाठी एक क्लिनिक चालवले. काही रुग्णांचा त्रास अनेक महिने रेंगाळतो आणि तो एका सरळ रेषेत कमी होत नाही, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. चार दिवस बरे जातात, मग दोन दिवस पहिल्यासारखे. त्या दोन दिवसांत 'सगळे वाया गेले' असे वाटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत पुन्हा गोळीकडे हात जातो. म्हणून दिनदर्शिकेवर बऱ्या दिवसांवर खूण करा. महिन्याअखेरीस खुणा मोजा. आठवणीवर विसंबू नका, कारण आठवण वाईट दिवसच आधी पुढे करते.

दुसरी शक्यता कोणी तपासली आहे का, हे पत्रावरून कळत नाही. आपले वय ४६ आहे. पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत झोप मोडणे, छातीत धडधडणे, चिडचिड होणे हे सारे गोळीशिवायही होते, आणि आपल्या बाबतीत ते सुरू झाले असेल तर आजवर गोळ्यांनी ते झाकून ठेवले असेल. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. शिवाय सात वर्षांपूर्वी पहिली गोळी कशासाठी सुरू झाली होती? भीतीच्या झटक्यांसाठी, उदासीसाठी, की घरातील एखाद्या प्रसंगानंतर? तो आजार किंवा तो प्रसंग अजून तिथेच असेल तर त्याच्यावर उपचार व्हायला हवा. चिंता आणि नैराश्य यांवर बेंझोडायझेपिन गटाबाहेरची औषधे आहेत, ज्यांची अशी ओढ लागत नाही. 'आता कोणतीच गोळी नको' असा पण करून स्वतःला शिक्षा करू नका. अनेक जण तसे करतात आणि घरचे त्याला टाळ्या वाजवतात.

आता भांडणांविषयी. आपण लिहिता, की गोळ्या होत्या तेव्हा घरात भांडणे नव्हती. मी हे वाक्य असे वाचतो, की त्या सात वर्षांत आपले म्हणणे कोणाला ऐकावे लागले नाही. मुलांचे प्रवेश, घरातील खर्च, सणवार, पाहुणे यांचे निर्णय आपल्याशिवाय होत गेले आणि घराला त्याची सवय झाली. आज आपण जाग्या आहात आणि बोलता आहात. घराला हे नवे आहे. त्याचा अर्थ सगळी भांडणे चांगलीच असतात असा नाही, पण त्यांना आपल्या अपयशाच्या खात्यात मांडू नका.

किल्ल्या आणि पर्स हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि इथे मी आपल्या यजमानांशी बोलतो. साहेब, पहिले काही आठवडे घरात दक्षता लागते, हे मान्य. सहा महिन्यांनंतरही रोज झडती होत असेल, तर ती काळजी उरत नाही. ज्या माणसाला रोज आरोपी म्हणून उठावे लागते, त्याला बरे राहण्यात काही हशील वाटेनासे होते. आपण दोघे केंद्रातील समुपदेशकांसमोर बसा आणि ठरवा : औषधे, मग ती सर्दीची असोत वा रक्तदाबाची, एकाच पेटीत आणि एकाच व्यक्तीकडे, पर्सला हात नाही, महिन्याच्या वाणसामानाचे पैसे आणि हिशेब पुन्हा पत्नीकडे. तीन महिन्यांनी पुन्हा बसा. विश्वास आधी द्यावा लागतो. तो पुराव्यानंतर देतो म्हणणारे घर कायम पुरावाच मागत राहते.

ताई, भिशीचे दुःख मला सर्वांत मोठे वाटले. वर विद्यार्थिनीला ज्या प्रश्नावलीविषयी लिहिले, तिच्यात माणसामाणसांतील संबंधांवर फक्त तीनच प्रश्न आहेत, पण माझ्या अनुभवात तेच गुण सर्वांत उशिरा वर येतात. झोप सुधारते, वजन सुधारते, हात कापायचे थांबतात, आणि तरी दारावरची बेल वाजत नाही. साऱ्या भिशीला एकदम सामोरे जाऊ नका. त्यांतील एकीला, जिच्याशी पूर्वी बरे जमत होते तिला, चहाला बोलवा. तिला कदाचित आपल्याशी काय बोलावे हेच सुचत नसेल. त्याखेरीज, ज्यांना काही समजावून सांगावे लागत नाही अशी माणसेही हवीत. येरवड्याचे 'मुक्तांगण' १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या साथीच्या काळात सुरू केले. तिथे आज स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. आपण जिथे उपचार घेतले तिथे पाठपुराव्याच्या बैठका असतील तर त्या चुकवू नका. नसतील किंवा तिथे सगळे पुरुषच असतील, तर अशा ठिकाणी चौकशी करा. दारू सुटलेल्या पुरुषांच्या बैठकीत गोळ्या सुटलेल्या बाईने काय बोलावे, ही अडचण खरी आहे, ती आपली लाजाळू वृत्ती नव्हे.

एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. कधी तोल गेलाच, तर जुन्या मात्रेवर जाऊ नका. सहा महिन्यांत शरीराची ती सहनशक्ती गेलेली आहे आणि पूर्वी जी मात्रा पचत होती ती आज घातक ठरू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर रात्र असो वा दिवस, 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक लावा. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

काय कमावले, याचे उत्तर मी इथून देऊ शकत नाही. ती २६ प्रश्नांची प्रश्नावली समुपदेशकांकडून मागून घ्या, आज भरा, वर तारीख घाला आणि पाकिटात बंद करून ठेवा. गणपतीनंतर पुन्हा एक कोरी प्रत भरा आणि मगच पाकीट उघडा. मला दोन्ही पाठवलीत तर आवडेल.

प्रश्न : झोपेच्या गोळीऐवजी रात्री दुधात जायफळ उगाळून घेतले तर चालेल का?
— एक आजोबा, नारायण पेठ

उत्तर : सहाणेवर दोन वेढे, एवढेच असेल तर खुशाल घ्या, श्रीखंडात आपण त्याहून जास्त घालतो. अख्खे जायफळ किसून घेऊ नका, त्याने उलट्या, धडधड आणि भ्रम होतो. आणि 'ऐवजी' या शब्दाचे काय? आज गोळी चालू असेल, तर ती जायफळाच्या भरवशावर परस्पर बंद करू नका. किती वर्षे घेत आहात ते पत्रात लिहायचे राहून गेले आहे. ते डॉक्टरांना सांगा.